चक्की मोडेल तेव्हा

माझी सवत मी कधी पाहिली नाही. मी या घरात आले त्याच्या आधीच ती वारली होती. पण तिची मिरीची चक्की रोज सकाळी अंड्यांवर फिरते, आणि ती फिरली की मी उलथनं जरा जोरातच आपटते. इतकी वर्षं झाली, केस पिकायला लागले, तरी आपटतेच. जळते मी तिच्यावर. सरळ सांगून टाकते, कारण लपवायचं म्हटलं तरी माझा चेहरा मला कधी साथ देत नाही.

मनात मी तिला थोरली म्हणते. तोंडाने कधी म्हटलं नाही. आमच्या घरात तिच्याबद्दल बोलायचं ते फक्त आमच्या वन्संनी. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहतात आणि चहाला आल्या की आधी ओट्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

"अजून तश्शी आहे गं चक्की!" हे पहिलं वाक्य. "वहिनीची पारखच तशी होती. वस्तू घ्यावी तर तिनेच."

मग पुराण सुरू. थोरली दुकानात शिरली की दुकानदाराला घाम फुटायचा. चक्की हातात घेतली की आधी उलटी करायची. बूड चिकटवलेलं दिसलं की परत. "स्क्रूचं दाखवा," म्हणायची. मग डोकं काढून आत बघायची, दात लोखंडाचे आहेत की प्लॅस्टिकचे. पर्समधून मिरीचे दाणे काढून तिथेच दळायची आणि पूड तळहातावर घेऊन निरखायची, भरड पडते की बारीक. किसणी असली तर मधोमध अंगठा दाबून बघायची, वाकते का. सुरीचं पातं मुठीच्या शेवटपर्यंत गेलंय की नुसतं टोकाशी खुपसलंय, पातेल्याचे कान पक्के ठोकलेत की कसेबसे चिकटवलेत. सगळं दुकान उलटंपालटं करून शेवटी घ्यायची एकच वस्तू. पण ती अशी, की घेणारी गेली तरी... इथे वन्सं डोळे टिपतात. "घेणारी गेली तरी वस्तू चालू!"

त्यांचे डोळे टिपून होईपर्यंत मी त्यांच्या कपात एक चमचा साखर जास्त टाकते. त्यांना गोड चहा अजिबात आवडत नाही.

आमचे हे लिफ्टचं काम करतात. लिफ्ट बसवत नाहीत, बसवलेल्या सांभाळतात. उंच इमारतींच्या गच्चीवर एक कोंदट खोली असते, तिथे यांचा दिवस जातो. दोर, चाकं, ब्रेकच्या पट्ट्या, ग्रीस. माणूस बोलायला महाकंजूष. आमचं लग्न ठरवायला आले तेव्हा सगळ्या बैठकीत यांनी तोंड उघडलं ते फक्त कामाबद्दल कुणी विचारलं म्हणून. "लिफ्टवाल्याचं काम नीट चाललं असेल ना," म्हणाले, "तर असा कुणी माणूस आहे हे लोकांच्या लक्षातही येत नाही. दोर तुटल्यावर बदलला तर तो लिफ्टवाला कसला?" माझ्या वडिलांना ते फार पटलं. मलाही वाटलं, जबाबदार माणूस दिसतोय. त्यापलीकडे त्या वाक्यात काही असेल असं तेव्हा वाटलं नाही.

लग्नानंतर पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहिले. खिडकीखाली सिंक, सिंकशेजारी ओटा, ओट्यावर आणि भिंतीवर थोरली. डबे फोडायचा ओपनर थोरलीचा, किसणी थोरलीची, सुऱ्या, चिमटा, वजनकाटा, जाड बुडाचं पातेलं, सगळं तिचं. मी भीतभीत विचारलं, "माझ्या आवडीच्या दोन-चार वस्तू आणल्या तर चालतील ना?"

यांनी दाराकडे बघितलं. दारात थोरलीची मुलगी उभी होती. तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागली होती. तिने चक्की दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि ती माझ्याकडे, आपल्या घरी चोर आलाय अशा नजरेने बघत होती.

"जे मोडेल," हे म्हणाले, "त्याच्या जागी तुला हवं ते आण."

बोलणं रास्त होतं. मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून वस्तू मोडायची वाट बघायला लागले.

काय सांगू, एक वस्तू मोडेल तर शपथ. माझ्या माहेरी किसणी वर्षभरात वाकडी व्हायची, ओपनरचं चाक गरगर फिरायचं पण डबा म्हणून कापायचं नाही. इथे मात्र सगळं करकरीत. चक्की तर माझ्या नाकावर टिच्चून चालायची. वीतभर उंच, काळसर लाकडाची, डोक्यावर पितळेची गाठ. मधे बारीक कंबर, आणि त्या कंबरेशी थोरलीच्या मुठीने लाकूड गुळगुळीत झालेलं. बरोबर त्याच जागी माझी मूठ बसायची. तिच्या हातावर हात ठेवल्यासारखं वाटायचं आणि ते मला सोसायचं नाही.

एकदा माझ्या हातून ती "चुकून" पडली. फरशीचा टवका उडाला, चक्कीला काही नाही. मग कुणीतरी म्हणालं की मिरीच्या चक्कीत मीठ घालू नये, लोखंडी दात गंजून बसतात. मी घरी येऊन मूठभर ओलसर खडेमीठ घातलं आणि वर साळसूदपणे मिरी भरली. थोड्या दिवसांनी ती करकर वाजायला लागली, जड फिरायला लागली. मी मनातल्या मनात मांडे खाल्ले. कुठली नवी आणायची तेही ठरवून ठेवलं, पांढरी, चिनीमातीची, थोरलीपेक्षा अगदी वेगळी. आणि पुढच्या आठवड्यात बघते तर बाईसाहेब लोण्यासारख्या फिरतायत! मी कपाळाला हात लावला. मेलेल्या माणसाच्या पारखीपुढे मीठसुद्धा चालेना.

पण या सगळ्यापेक्षा मला एका सकाळी जे दिसलं ते जास्त लागलं. सुट्टीचा दिवस होता. मी पाणी प्यायला म्हणून उठले तर हे आधीच स्वयंपाकघरात. माझ्याकडे पाठ. हातात चक्की. तिचं डोकं हळूहळू फिरवत होते आणि ती कानाशी धरून ऐकत होते. अगदी मान तिरकी करून, डोळे मिटून. मी आल्या पावली मागे फिरले. माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलायला ज्यांच्या जिवावर येतं ते तिची चक्की कानाला लावून उभे! मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि रडले. रागानेच रडले जास्त. जिवंत बाईशी भांडता तरी येतं.

माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते म्हणजे माझी सोलणी.

बटाटे सोलायची साधी सोलणी. थोरली सुरीने सोलायची म्हणे, म्हणून घरात सोलणी नव्हतीच. तेव्हा ती आणायला काही मोडायची गरज नव्हती. मी रस्त्यावरून जाताना उचलली, लाल प्लॅस्टिकच्या मुठीची, दुकानातली सगळ्यात स्वस्त. उलटी करून बघितली नाही, वाकवून बघितली नाही, रंग आवडला म्हणून घेतली. ओल्या हातात मूठ सटकायची, तर शिवणाच्या डब्यातला जाड पांढरा दोरा मुठीवर घट्ट गुंडाळला. मी डावखुरी, त्यामुळे तो गुंडाळलाही उलट्या बाजूने.

आणि ती टिकली! वर्षांमागून वर्षं. पातं कसं, पहिल्या दिवशी होतं तसंच. बटाट्याचं साल कागदासारखं निघायचं. मी तिची फुशारकी मारायची एकही संधी सोडली नाही. वन्सं चक्कीवर सुरू झाल्या की मी मुद्दाम त्यांच्यासमोर बटाटे घेऊन बसायची. "काही काही वस्तूंना वापरून वापरून धार येते, नाही का हो वन्सं?" असं म्हणायची. वन्सं हूं म्हणायच्या. मला तेवढं पुरायचं. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात माझी पारख म्हणावी अशी एकच वस्तू, पण ती थोरलीच्या सगळ्या वस्तूंच्या बरोबरीने उभी होती.

मुलगी मोठी झाली. मला मावशी म्हणते. जीव लावते, तापात कपाळावर पट्ट्या ठेवते, माझ्याच चपला घालून जाते आणि माझ्यावरच ओरडते. पण आई म्हणजे ती चक्कीवाली. मी कधी तक्रार केली नाही. आतून कुरतडत राहिलं, एवढंच.

मग तिला नोकरी लागली आणि तिने दोन खोल्यांची स्वतःची जागा घेतली. एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "स्वयंपाकघराची सगळी खरेदी करायची आहे. मला चांगल्या वस्तू हव्यात, टिकणाऱ्या. आत्याला घेऊन जाते. ती आईबरोबर जायची ना दुकानात, तिला माहितीय कसं बघायचं."

माझा घास तोंडातच राहिला.

"तू पण ये हं मावशी," ती म्हणाली. "पिशव्या खूप होतील."

पिशव्या! तिच्या मनात काही वावगं नव्हतं, मला माहीत आहे. पण मी त्या मुलीचा डबा भरला, तिचे गुडघे पुसले, तिच्या पहिल्या मुलाखतीला तिच्यापेक्षा जास्त मी घाबरले, आणि तिचं पहिलं घर मांडायला मी कोण? पिशव्या धरणारी. यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे सूपवर मिरी दळत होते.

मी त्या रात्री ठरवलं. त्या दोघी दुकानात जायच्या आधी मी जायचं. थोरलीच्या चक्कीला मागे टाकेल अशी एक चक्की शोधायची आणि मुलीच्या हातात आधी माझी ठेवायची. मग वन्संना काय गोडवे गायचे ते गाऊ देत.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीची चक्की टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि भांड्यांच्या जुन्या दुकानात गेले. नवीशी ताडून बघायला ती बरोबर हवीच होती. दुकान अरुंद, छतापर्यंत टांगलेली पातेली, आणि मागे स्टुलावर चष्मा कपाळावर चढवून बसलेला म्हातारा दुकानदार. मी चक्की काउंटरवर ठेवली.

"याच्यापेक्षा टिकाऊ दाखवा."

त्याने ती उचलली, उलटी केली, बुडाचा स्क्रू सैल करून आत डोकावला. मग माझ्याकडे बघून हसला.

"ताई, हिला काय झालंय? दात तर नवेकोरे आहेत. आत्ताच तर नेले लिफ्टवाल्यांनी."

"कोण लिफ्टवाले?"

"ते हो, उंचेपुरे, कानावर पेन्सिल असते. बोलत नाहीत फारसे. ही त्यांचीच चक्की. लाकडावरून ओळखली मी." मग जरा गोंधळून म्हणाला, "तुम्ही त्यांच्या घरच्या का?"

"दात नेले म्हणजे?"

"आतल्या दातांची जोडी. सुटी मिळते ना. मिरी काय मऊ असते का ताई? कितीही भारी चक्की घ्या, दात झिजणारच. हे झिजायच्या जरा आधीच येतात. मध्ये एकदा तर कुणा शहाण्याने आत मीठ भरलं होतं म्हणे, पार गंज चढलेला. त्या दिवशी कामावरून धावतपळत आले होते बिचारे."

तो शहाणा काउंटरच्या या बाजूला उभा होता.

"ओपनरचं चाकही इथूनच नेतात," म्हातारा रंगात आला. "वजनकाट्याची स्प्रिंग. सुऱ्या धार लावायला आणतात. किसणी तर किती झाल्या, माझ्याच लक्षात नाही."

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद. शुद्ध, निर्लज्ज आनंद. म्हणजे थोरलीची पारख वगैरे काही नव्हतं! तिच्याही वस्तू झिजत होत्या, मोडत होत्या, माझ्या माहेरच्या किसणीसारख्याच. वन्संच्या तोंडावर हे फेकायचं, मुलीसमोर फेकायचं, असं माझं तिथल्या तिथे ठरलं. पण तो आनंद क्षणभरही टिकला नाही. कारण पुढचा विचार आला, की मग टिकलं काय? चक्की नव्हती टिकाऊ. हे टिकाऊ होते. ती गेल्यावरही हे तिचे दात बदलत राहिले, तिची स्प्रिंग, तिचं चाक. चक्कीशी मी कशीतरी लढले असते. याच्याशी काय लढणार? माझ्या अंगाचा अक्षरशः भडका उडाला.

"फक्त एक कोडं मला सुटलं नाही," म्हातारा म्हणाला. "प्रत्येक खेपेला एक सोलणी नेतात. ती बघा, तिथे टांगलीय, लाल. ती काही उघडत नाही, पातं बदलता येत नाही, अख्खीच न्यावी लागते. मी म्हटलं, साहेब, जरा चांगली घ्या, स्टीलची देतो, जन्मभर बघायला नको. नाही म्हणाले. लालच द्या. मध्ये कंपनीने लाल रंग बंद केला तर माझ्याकडून उरलेल्या सगळ्या बाजूला काढून घेतल्या."

मी तिथल्याच एका रिकाम्या खोक्यावर बसले. दुकानदाराने विचारलं, पाणी देऊ का. मी म्हटलं, द्या.

घरी आले ती सरळ यांच्या हत्यारांच्या पिशवीकडे. यांची एक जुनी पिशवी दाराआड पडलेली असते, ग्रीसने माखलेली, मी तिला कधी हात लावत नाही. उघडली. पाने, पक्कड, चिंध्या आणि तळाशी लाल मुठीच्या सोलण्या. पाती बोथट, तांबूस. मुठी ग्रीसने काळ्या झालेल्या. त्यातली एक पुसली, तर मुठीवर बारीक बारीक वळ्या उमटलेल्या होत्या. कधीतरी तिथे दोरा होता. उलट्या बाजूने गुंडाळलेला.

हे आले तेव्हा मी त्या सगळ्या ओट्यावर मांडून बसले होते. शेजारी चक्की.

यांनी बघितलं. चपला काढल्या. हात धुतले. मग म्हणाले, "लिफ्टच्या रुळांवरचं वाळलेलं ग्रीस खरवडायला बऱ्या पडतात."

"मला ते नकोय," मी म्हटलं. "तिला माहीत होतं?"

"कुणाला?"

"कुणाला काय! थोरलीला." पहिल्यांदा तोंडातून निघालं. "तिला माहीत होतं का, तुम्ही आतून बदलता ते?"

"नाही." हे खुर्चीवर बसले. "तिने हौसेने आणली होती. दुकानात एवढं बघून. आणि वर्ष-दीड वर्षात दात गेले. तिचं तोंड उतरलं असतं." चक्की जराशी पुढे ओढून म्हणाले, "ती उघडणाऱ्या वस्तू आणायची, स्क्रूच्या. तेवढं बरं होतं. मला सोपं जायचं."

म्हणजे ती बिचारी स्वतःच्या पारखीवर खूश राहूनच गेली. आणि मी इतकी वर्षं तिच्या त्या पारखीवर जळत राहिले.

"आणि मी?" मी म्हटलं. "मला सांगितलं होतंत, मोडेल त्याच्या जागी हवं ते आण. मी वाट बघत बसले हो! चक्की मोडेल, माझी येईल. तुम्ही मोडूच दिली नाहीत!"

यांनी चक्की उचलली, परत खाली ठेवली. खरंच गोंधळले होते.

"मोडल्यावर आण म्हटलं होतं, ते मनापासूनच," शेवटी म्हणाले. "पण मोडू कसं देणार? आवाज बदलला की कळतं ना. कळल्यावर तसंच ठेवायचं, ते मला जमत नाही."

तर त्या सकाळी कानाशी धरून हे दात ऐकत होते. गच्चीवरच्या खोलीत लिफ्ट ऐकतात तसे. आणि मी पांघरूणात रडत होते. ज्या माणसाचा जन्म काही मोडू न देण्यात गेला, त्याच्या घरात वस्तू मोडायची वाट बघणारी बाई मीच.

"आणि माझी सोलणी?"

"तू हौसेने आणली होतीस."

"ती स्क्रूची नाहीये."

"तीच तर पंचाईत." हे एवढं सलग बोलतायत, याचंच मला नवल वाटत होतं. "ती पूर्ण बदलावी लागते. मग दोरा. तोच जुना दोरा सोडवून परत गुंडाळायचा. तू उलटा गुंडाळतेस. माझ्या हातून सुलटाच व्हायचा. सुरुवातीला दोन-तीनदा उकलून परत केला."

मी माझी सोलणी हातात घेतली. दोरा बघितला. बोटांनी मळलेला, माझाच. नुसत्या थोरलीच्याच नव्हे, माझ्या पारखीचाही भोपळा फुटला होता. ज्या एका वस्तूचा टेंभा मी मिरवला तीही यांनीच चालवलेली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली थोडी. पण खरं सांगू, माझ्या मनात भलतंच चाललं होतं.

"जास्त कटकट कशाची?" मी विचारलं. "चक्कीची की सोलणीची?"

"चक्कीचा काय, एक स्क्रू," हे म्हणाले. "सोलणीचं काम किचकट."

मी उठून चहा ठेवला. पाठ फिरवून हसले, यांना दिसू दिलं नाही.

खरेदीच्या दिवशी आम्ही तिघी निघालो. मी रिकाम्या पिशव्या घेऊन मागे. वन्संच्या अंगात उत्साह संचारला होता. दुकानात पाऊल ठेवलं आणि म्हातारा दुकानदार मला बघून स्टुलावरून अर्धा उठला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. तो परत बसला.

वन्संनी चक्क्या मांडायला लावल्या. एक उलटी केली, स्क्रू बघितला, आत डोकावल्या. "हे बघ," मुलीला म्हणाल्या, "तुझी आई असं बघायची. अशी घेतली की जन्माची चिंता मिटली. तिच्या चक्कीला कधी हात लावावा लागला नाही कुणाला."

जिभेवर आलं होतं माझ्या. सगळं तयार होतं, एक वाक्य पुरलं असतं. इतक्या वर्षांचा थोरलीचा डामडौल तिथे त्या काउंटरवर कोसळला असता. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "चक्की तू घे, आत्या. आईसारखी. पण सोलणी मावशीच निवडणार हं. मावशीच्या सोलणीची धार कधी जात नाही. मी लहानपणापासून बघतेय, मला वाटायचं जादूचीच आहे."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "ते मात्र खरं," त्या जड जिभेने म्हणाल्या. "सोलणीत हिचा हात कुणी धरणार नाही."

मी तोंड मिटलं. कुणी म्हणेल, केवढं मोठं मन. मन वगैरे काही नाही. थोरलीचं पितळ उघडं पाडलं असतं तर त्याच वाक्यात माझंही पडलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलीने मला काहीतरी निवडायला सांगितलं होतं. मी ते सोडणार नव्हते.

मी सोलण्यांपाशी गेले. एक एक घेतली, उलटी केली, पातं अंगठ्यावर फिरवून बघितलं, उजेडात धरली. दुकानदार कौतुकाने बघत होता, मेला. आणि शेवटी, सगळं बघून झाल्यावर, मी लाल उचलली.

"हीच," मी म्हटलं.

"इतकी साधी?" मुलगी म्हणाली.

"बघशील तू."

तिने ती माझ्या हातून घेतली आणि पिशवीत टाकली नाही, पर्समध्ये ठेवली. मला त्यावर काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. इथेच सांगतेय.

त्या दोघी पातेली बघायला पुढे गेल्या तशी मी दुकानदाराकडे वाकले. "अजून एक लाल. बांधून द्या." मुलीच्या नव्या चक्कीकडे बघत राहिले. तिचे दात न घेता निघून गेले असते, तर कुणाला कळलं असतं? वर्ष-दोन वर्षांनी ती चक्की बसली असती, मुलीने ती हातात घेऊन आईला आठवलं असतं, आणि ती रडताना मला बघावं लागलं असतं. "आणि त्या चक्कीला बसेल अशी दातांची जोडी," मी म्हटलं.

"लिफ्टवाल्यांसाठी?" त्याने विचारलं.

"जास्त बोलू नका."

घरी आल्यावर मी दोन्ही वस्तू यांच्या हत्यारांच्या पिशवीत टाकल्या. हे बाजूला उभे होते.

"मुलीचं घर आता तुमच्या यादीत," मी म्हटलं. "जाल तेव्हा कान देऊन ऐकत जा."

यांनी पिशवीत हात घातला. सोलणी निघाली, दात निघाले. दात हातात घेऊन हे माझ्याकडे बघत राहिले.

"चक्कीचेही?" विचारलं.

"चक्कीचेही."

हे काहीतरी बोलणार होते. चेहऱ्यावरून दिसत होतं, बरंच मोठं, दोन-तीन वाक्यांचं. मी बोलू दिलं नाही.

"पण एक लक्षात ठेवा," मी म्हटलं. "दोन्ही एकदम झिजलं, तर आधी सोलणी बदलायची. चक्की मग."